केव्हा तापते, ते आधी सांगा!

दिवाळी अंक उघडून बसलेल्या वाचकापुढे तापलेल्या इंजिनाची कथा मांडायची, म्हणजे फराळाच्या ताटात पाना-पक्कड वाढण्यासारखेच आहे. पण काय करणार? दिवाळीची सुट्टी म्हणजे मोटार काढून गावी, सासरी किंवा देवदर्शनाला निघण्याची सुट्टी, असे समीकरण आता घरोघर होऊन बसले आहे. आणि घाटाच्या तोंडाशी बॉनेट उघडून हताशपणे वाफेकडे पाहत उभा असलेला गृहस्थ, शेजारी पाण्याची बाटली धरून उभी असलेली त्याची पत्नी, आणि आतून पाच-पाच मिनिटांनी ‘बाबा, अजून किती वेळ?’ असे विचारणारी मुले, हे दृश्यही तितकेच ओळखीचे झाले आहे. अशा वेळी रस्त्याने जाणारा प्रत्येकजण थांबतो आणि फुकट सल्ला देऊन जातो. ‘वॉटर पंप गेला असेल.’ ‘थर्मोस्टॅट काढून टाका साहेब, कटकट मिटेल.’ ‘हेडचे काम निघणार बघा.’ सल्ला देणारे असे पुष्कळ भेटतात; प्रश्न विचारणारा मात्र क्वचित. मला असा एक माणूस गेल्या मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात भेटला. त्याने जे प्रश्न विचारले, ते आपल्या वाचकांच्याही कधीतरी कामी येतील, म्हणून हा सारा प्रपंच.

माझी थोरली बहीण लाखनीकडे दिलेली. तिच्या धाकट्या मुलाने चार वर्षांपूर्वी कर्ज काढून एक पिकअप घेतली. पिकअप म्हणजे पुढे दोघातिघांपुरती केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली छोटी मालमोटार. भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना धानाची बांधी, गावोगावी मालगुजारीच्या काळातले तलाव, तुमसरसारखी तांदळाची जुनी बाजारपेठ, आणि सडकेच्या कडेला ठिकठिकाणी राइस मिल. शेतावरचे धान मिलमध्ये पोचवायचे, मिलमधला तांदूळ किंवा कोंडा नागपूरकडे न्यायचा, येताना खत नाहीतर किराणा भरून आणायचा, असा भाच्याचा व्यवसाय. बँकेचा हप्ता, मुलांच्या फिया आणि बहिणीची औषधे या तिन्ही गोष्टी त्या एका गाडीच्या चार चाकांवर चालतात.

उन्हाळी धानाची कापणी मे महिन्यात येते. गाडीला खरे काम मिळते ते याच दिवसांत, आणि नेमकी याच दिवसांत गाडी तापू लागली. भरून निघाली की पंधरा-वीस किलोमीटरवर काटा चढे. थांबावे, अर्धा तास वाट पाहावी, पुन्हा निघावे, पुन्हा थांबावे. उशीर होऊ लागला तसे व्यापारी दुसऱ्याची गाडी सांगू लागले.

भाच्याने स्वस्थ बसून राहिला, असे कोणी म्हणू शकणार नाही. एका गॅरेजात थर्मोस्टॅट काढून फेकून दिला गेला. दुसऱ्या ठिकाणी वॉटर पंप नवा बसला. तिसऱ्याने रेडिएटर समोरून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन दिला. चौथ्याने गाडीला कॉम्प्युटर लावला. ‘इंजिनाचे तापमान प्रमाणाबाहेर’ असे कॉम्प्युटरने सांगितले, म्हणजे जे काटा रोज सांगत होता तेच! शेवटी निकाल असा लागला की, हेड पॅकिंग गेले आहे, हेड उतरवावे लागेल, पंचेचाळीस हजार तयार ठेवा. तोवर अठरा हजार खर्च होऊन गेले होते. मी बहिणीकडे गेलो, तेव्हा घरात उघडपणे कोणी काही बोलत नव्हते; पण सुनेच्या पाटल्यांकडे नजरा वळू लागल्या होत्या, हे मला दिसत होते.

“मामाजी, पैसे मागायला नाही आलो. पण हेड उतरवू का नको, ते तुम्हीच सांगा,” भाचा म्हणाला. हेड उतरवण्यातले मला काय कळणार? मी म्हटले, “आणखी एखाद्या जाणत्या माणसाला दाखवू, मग ठरव.” तेव्हा त्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रींची आठवण झाली. भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याच्या पुढे आले की, सडकेला लागून त्यांची पत्र्याची शेड आहे. आम्ही मुद्दाम माल भरून निघालो आणि संध्याकाळच्या सुमारास तापलेल्या गाडीनिशी त्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो.

मिस्त्रींचे वय सत्तरीच्या घरातले. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही.

“का झाला जी?”

“गाडी गरम होते, काकाजी.”

“ते तर वासानेच समजते. कवा गरम होते, ते सांग.”

“कवाही होते.”

“कवाही काहीच होत नाही, बापू. माणसाचा ताप असो, नाहीतर गाडीचा. बस, चहा पी, अन् आठवून सांग.”

मग त्या चहाबरोबर एकेक प्रश्न निघाला. गाडी जागेवर उभी असताना तापते की चालताना? बाजारातल्या गर्दीत की मोकळ्या सडकेवर? रिकामी असताना की भरलेली असताना? सकाळी सुरू केल्याबरोबर की वीस किलोमीटर गेल्यावर? पाणी कमी होते का? कमी होत असेल तर ते सांडलेले कुठे दिसते का? धूर पांढरा येतो का? ऑइलच्या दांडीवर दुधाळ फेस दिसतो का? आणि शेवटी एक प्रश्न, जो आधीच्या चारही ठिकाणी कोणी विचारलेला नव्हता: “गाडीत काय भरतेस?”

हे प्रश्न वरवर साधे वाटतात. पण त्यांतल्या प्रत्येकाच्या पाठीमागे यंत्राचे एकेक अंग उभे आहे. ते समजायला इंजिन थंड कसे राहते, एवढे थोडक्यात पाहिले पाहिजे.

इंजिनात जे इंधन जळते, त्यातल्या उष्णतेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. एक तृतीयांश धुरावाटे निघून जातो आणि उरलेला इंजिनाच्या अंगात भिनतो. हा शेवटचा वाटा सतत बाहेर काढला नाही, तर धातू फुगतो, वंगण पातळ होते आणि इंजिन जाम होऊन बसते. मोटारींच्या आरंभकाळी यावर एक उपाय होता तो पाणी उकळून वाफ होऊ देण्याचा. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात कार्ल बेंझची पत्नी बेर्टा दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या मोटारीतून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी गेली. शंभराहून थोडे अधिक किलोमीटरांचा हा जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास. वाटेत तिला इंधन एका औषधाच्या दुकानातून घ्यावे लागले, आणि इंजिनासाठी पाणी तर पुन्हा पुन्हा भरावे लागले. आज घाटात बाटली घेऊन उभ्या असलेल्या आपल्या भगिनींची ही पूर्वजच म्हणायची!

पुढे विल्हेल्म मायबाख या इंजिनिअरने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला आणि १९०१ च्या मर्सिडीज मोटारीवर तो जगाने पाहिला. पाणी तेच राहावे, ते इंजिनातून फिरून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत यावे, नळ्यांमधून वाहणाऱ्या हवेने त्याची उष्णता उचलून न्यावी, आणि निवलेले पाणी पुन्हा इंजिनात जावे, ही व्यवस्था तेव्हापासून आजपर्यंत मुळात तशीच आहे. पाणी फिरवतो तो वॉटर पंप. हवा ओढतो तो पंखा. इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारा द्वारपाल म्हणजे थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेण असते, ते ऐंशी-पंच्याऐंशी अंश सेंटिग्रेडच्या आसपास वितळून फुगते आणि दार उघडते. आणि रेडिएटरचे झाकण म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरच्या शिटीचे भावंड. आत दाब ठेवला की पाणी शंभर अंशांना न उकळता एकशेवीसच्या आसपास उकळते. झाकणाची स्प्रिंग सैल पडली की बाकी सारे ठीक असूनही पाणी लवकर उकळू लागते.

आता मिस्त्रींच्या प्रश्नांकडे वळू. गाडी सिग्नलला किंवा गर्दीत तापते आणि मोकळ्या सडकेवर निवते, तेव्हा संशय पंख्यावर जातो. कारण वेगात असताना वारा आपोआप आत शिरतो, उभ्या गाडीला मात्र पंख्याचाच आधार. उलट गावात ठीक आणि भरधाव असताना किंवा चढावर ताप, असे असेल तर रेडिएटरची ताकद कमी पडते आहे. एक तर पाणी पुरेसे फिरत नाही, नाहीतर हवा पुरेशी जात नाही. सकाळी सुरू केल्यावर दहा मिनिटांत काटा चढला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, किंवा पाणी कमी होऊन आत हवा कोंडली असेल. पाणी कमी होते पण सांडलेले दिसत नाही, मागून पांढरा धूर येतो, ऑइलला दुधाळ चहाचा रंग आला आहे, असे असेल तर हेड पॅकिंगची शंका रास्त. म्हणजे ‘केव्हा’ या एका शब्दाच्या उत्तरात निम्मे अधिक निदान होऊन जाते, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

भाच्याची उत्तरे अशी होती: उभी असताना तापत नाही. बाजारात तापत नाही. रिकामी असताना मोकळ्या सडकेवरही तापत नाही. भरली आणि साठ-सत्तरच्या वेगाने वीस किलोमीटर गेली की तापते. धूर नेहमीसारखा, ऑइल स्वच्छ. पाणी तापल्यावर थोडे बाहेर येते, एरवी कमी होत नाही.

“म्हणजे पंप, नाहीतर रेडिएटर, नाहीतर हवा,” मिस्त्री म्हणाले. “पंप तर नवा घातला म्हणतेस. पाहू.”

त्यांनी शेडमधून एक पिस्तुलासारखे यंत्र आणले. २०२० साली कोरोनाच्या दिवसांत दुकानांच्या दाराशी आपल्या कपाळावर जे रोखले जाई, त्याच जातीचे, पण मोठ्या आकड्यांचे. इंजिन चालू ठेवून त्यांनी रेडिएटरमध्ये पाणी नेणाऱ्या वरच्या नळीवर ते रोखले: एकशेएक अंश. रेडिएटरमधून पाणी परत नेणाऱ्या खालच्या नळीवर: सत्त्याण्णव. मग पंख्याच्या बाजूने, पंख्यापासून हात दूर ठेवून, रेडिएटरच्या अंगावर ठिकठिकाणी रोखले. सगळीकडे आकडे जवळजवळ सारखेच.

याचा अर्थ त्यांनी आम्हाला समजावून सांगितला. रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने चोंदल्या असत्या, तर चोंदलेल्या जागा थंड लागल्या असत्या. कारण तिथे गरम पाणी पोचलेच नसते. अंग सर्वत्र सारखे तापले आहे, त्याअर्थी पाणी नीट फिरते आहे. पण पाणी आत शिरताना जवळजवळ जितके गरम, तितकेच बाहेर पडतानाही गरम. म्हणजे त्याची उष्णता उचलून नेणाराच कोणी नाही. दोष पाण्याकडे नसून हवेकडे आहे.

हवा का नाही? पंखा नीट आहे की नाही, हे आधी पाहिले. या गाडीचा पंखा पट्ट्यावर चालतो, आणि गाडी तापली की आतल्या घट्ट द्रवाच्या जोरावर जास्त वेगाने फिरतो. इंजिन बंद करून, किल्ली स्वतःच्या खिशात टाकून, मिस्त्रींनी तो हाताने फिरवला. गरम स्थितीत तो जड लागला. तसा तो लागायलाच हवा होता. पट्टाही ताठ होता. मग त्यांनी भाच्याला कालचे वर्तमानपत्र आणायला सांगितले. इंजिन सुरू करून त्याचा एक कागद गाडीच्या तोंडावरच्या जाळीवर ठेवला. पंखा मागून हवा ओढत असला, तर कागद जाळीला चिकटून राहायला पाहिजे. तो घसरून खाली पडला. शेजारी दुरुस्तीला आलेली तशीच दुसरी एक पिकअप उभी होती. तिच्या तोंडावर तोच कागद ठेवला, तर तो असा घट्ट बसला की जणू खळ लावून डकवला आहे!

पंखा फिरतो, पण हवा येत नाही. म्हणजे वाट मध्येच कोठेतरी अडलेली. वाट कोठे अडली असावी, याचा अंदाज मिस्त्रींना ‘काय भरतेस?’ या प्रश्नाचे उत्तर ऐकले तेव्हाच आला असावा. पण ते म्हणाले, “आज गाडी इथेच ठेव. सकाळी थंडीवर एक गोष्ट पाहायची राहिली.”

सकाळी थंड इंजिनाचे झाकण काढून त्यांनी ते सुरू केले आणि पाण्यात बुडबुडे येतात का, ते पाहत राहिले. हेड पॅकिंग फाटले असेल, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आणि बुडबुडे थांबत नाहीत. इथे पाणी शांत होते. पंचेचाळीस हजारांचा निकाल त्या दोन-चार मिनिटांत रद्द झाला. भाचा काही बोलला नाही. नुसता शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला.

मग मिस्त्रींनी गाडीचे तोंड उघडले. आजकालच्या गाड्यांत रेडिएटर एकटा नसतो. त्याच्या पुढे इंजिनात जाणारी हवा थंड करणारा इंटरकूलर असतो, आणि वातानुकूलन असेल तर त्याचा कंडेन्सरही. या एकापुढे एक उभ्या केलेल्या जाळ्यांमध्ये बोटभर फट असते. समोरून पाहिले तर पुढची जाळी स्वच्छ. मागून पाहिले तर रेडिएटर स्वच्छ. चारही जणांनी तेवढेच पाहिले होते. मिस्त्रींनी चार बोल्ट सैल करून इंटरकूलर पुढे कलता केला, आणि आतून नमद्यासारखी एक जाडजूड, करडी चादर सोलून काढली. राइस मिलच्या आवारात उडणारे तूस, कोंड्याची भुकटी, तणसाचे बारीक तुकडे आणि सडकेची धूळ, सारे एकत्र येऊन, तेलकट ओलाव्याने थापले जाऊन तिथे बसले होते. समोरून मारलेल्या पाण्याच्या फवाऱ्याने ते निघाले तर नव्हतेच. उलट अधिकच घट्ट बसले होते.

“धान पोसते, अन् धानच मारते,” मिस्त्री म्हणाले, आणि कामाला लागले.

सफाई त्यांनी उलट दिशेने केली: इंजिनाच्या बाजूने समोरच्या दिशेला, बेताच्या दाबाची हवा आणि मग पाणी, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर पडतो आणि पातळ पाकळ्या वाकत नाहीत. काढून फेकलेला थर्मोस्टॅट नवा आणून बसवला. थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते, हा आपल्याकडचा एक लाडका समज आहे. प्रत्यक्षात इंजिन हवे तितके गरम होत नाही, डिझेल जास्त जाते आणि झीज वाढते. शिवाय कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची जवळची आडवाट बंद करत असतो. तोच नसला तर काही गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच इंजिनात परत जाते, आणि भर उन्हात ताप उलट वाढतो.

रेडिएटरमध्ये भरलेले बोअरचे पाणीही त्यांनी काढून टाकले आणि शुद्ध केलेल्या पाण्यात निम्मे कूलंट मिसळून भरले. कूलंट गाडी गोठू नये म्हणून असते, भंडाऱ्यात त्याचे काय काम, असे पुष्कळांना वाटते. पण त्याने पाण्याचा उकळबिंदू थोडा वर जातो, आणि मुख्य म्हणजे आतून गंज धरत नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार मात्र तव्यावर साका धरावा तसे नळ्यांत धरतात.

काम चालू असताना मिस्त्री जुन्या दिवसांविषयी बोलत होते. भंडारा हे पितळेच्या भांड्यांसाठी नाव मिळवलेले गाव. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. गळू लागले तर डाख लावून ते पुन्हा चालते करता येत. आताच्या रेडिएटरचे अंग अ‍ॅल्युमिनियमचे आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. तिथे डाख लागत नाही, फुटला की नवाच घ्यावा लागतो. “म्हणून आता आधीच पाहायला पाहिजे जी,” ते म्हणाले. “तेव्हा चुकले तर डाख होता.”

नवे झाकण धरून एकूण खर्च चार हजारांच्या आत आला. दुपारी बारा वाजता, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, तीच भरलेली गाडी घेऊन आम्ही साकोलीच्या रस्त्याला लागलो. लाखनी मागे पडली, पुढे साकोली आली. काटा जिथे होता तिथून हलला नाही. भाचा सारखा त्या काट्याकडेच पाहत होता. शेवटी मला सांगावे लागले की, “बाबा रे, आता जरा सडकेकडेही बघ!”

या साऱ्या प्रकरणात सर्वांनी एक दोषी मात्र एकमताने ठरवला होता: उन्हाळा. त्याचाही हिशोब करून पाहण्यासारखा आहे. इंजिनातले पाणी पंच्याण्णव अंशांवर आहे असे धरा. बाहेर तीस अंश असतील, तर दोहोंत पासष्ट अंशांचे अंतर. बाहेर पंचेचाळीस असतील तर पन्नासच. उष्णता जाते ती या अंतराच्या प्रमाणात. म्हणजे भर उन्हाळ्यात त्याच रेडिएटरची ताकद जवळजवळ पाव हिश्शाने घटते. गाडी बनवणारे ही घट गृहीत धरूनच रेडिएटर देतात. पण त्यातला काही भाग तुसाने आधीच खाऊन टाकला असेल, तर हिवाळ्यात ते कोणाला कळत नाही आणि मे महिन्यात उघडे पडते. तुसाची ती चादर काही मेमध्ये तयार झाली नव्हती. चार वर्षांच्या चार हंगामांनी ती थरावर थर देऊन विणली होती.

शहरातल्या वाचकांच्या मोटारी राइस मिलमध्ये जात नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण बांधकामाची धूळ, रस्त्यावरचे किडे, झाडांचा कापूस आणि पावसाळी चिखल यांना शहरातही तोटा नाही, आणि जाळ्यांमधली ती फट त्यांच्याही मोटारीत आहे. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी, सकाळी इंजिन थंड असताना, कूलंटच्या बाटलीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणांच्या मध्ये पातळी आहे ना, एवढे तरी घरातल्या कोणीही पाहावे. पातळी वारंवार खाली जात असेल, तर नुसते भरत राहू नये. गेले कोठे, ते शोधावे.

आणि वाटेत काटा चढलाच, तर? वातानुकूलन बंद करावे आणि, विचित्र वाटले तरी, हीटर पूर्ण चालू करावा. तोही एक छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची थोडी उष्णता तो ओढून घेतो. काटा लाल खुणेकडे गेला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास थांबावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. हेडला तडा जाऊ शकतो. चढलेला काटा अचानक खाली आला, तर आनंद मानू नये. पाणी इतके कमी झाले असेल की काटा हलवणारा भाग उघडा पडला असेल. आणि गरम असताना झाकण कदापि उघडू नये. आत दाबाखाली एकशेदहा-पंधरा अंशांचे पाणी असते. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येते. शिटी न काढता कुकरचे झाकण ओढणारी गृहिणी आपण पाहिली आहे काय? मग रस्त्यावरच्या घाईत आपले पुरुष ते का करतात, हे मला कळत नाही.

वाहन दुरुस्तीला द्याल, तेव्हा ‘गाडी तापते’ एवढेच सांगून किल्ली हवाली करू नका. केव्हा तापते, किती अंतरावर, भरलेली की रिकामी, उभी की धावती, हे कागदावर लिहून न्या. तो कागद वाचून प्रश्न विचारणारा मिस्त्री भेटला, तर त्याच्या हाती गाडी निश्चिंतपणे सोपवा. आणि कागद न पाहताच ‘हेड उतरवावे लागेल’ म्हणणारा भेटला, तर त्याचा चहा घ्या, आभार माना आणि किल्ली खिशात टाकून पुढचे दुकान पाहा. लाखनीच्या सूनबाईंच्या हातांत पाटल्या अजून आहेत, त्या एवढ्याशा चौकसपणामुळेच.